आठव्या खणातला अंगठा

खापरं धुऊन वाळली की मावशींसमोर ओतली जात. चोवीस वर्षं उत्खननाच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून त्यांनी फुटक्या मडक्यांचे ढीग लावले. पुस्तकाप्रमाणे आधी माती पाहायची, मग भाजणी, मग कडेचा आकार. मावशी आधी अंगठा फिरवायच्या. नव्या साहेबांना ते खटके.

भांडण आठव्या खणावरून झालं. त्या मोठ्या ट्रेच्या आठव्या खणात मावशींनी एकोणीस तुकडे वेगळे ठेवले होते. प्रत्येकावर मडक्याच्या कानाच्या बुडाशी कुंभाराने दाबलेल्या अंगठ्याचा ठसा होता आणि ठशावर अंगठ्याच्या जखमेची एक आडवी चीर.

“एकाच माणसाचं काम आहे,” मावशी म्हणाल्या.

“तुकडे सात थरांतले आहेत. खालच्या आणि वरच्या थरात चारशे वर्षांचं अंतर. तुमचा कुंभार फारच काटक दिसतो.”

“मी ठसे सांगितले, साहेब. जन्मतारीख कुठे सांगितली?”

साहेब हसले नाहीत. हा वर्ग मोडा, तुकडे आपापल्या थरांत परत टाका, म्हणाले. अहवाल जायचा होता. मावशींनी चोवीस वर्षांत लावलेला हा एकच नवा वर्ग होता.

त्यांनी एक दुपार मागून घेतली. तुकड्यांच्या आतल्या बाजूला शाईने लिहिलेले थरांचे आकडे दिसू नयेत म्हणून सगळे ठसे वर करून टेबलावर पसरले आणि फक्त त्या चिरेकडे पाहून एका ओळीत लावायला घेतले. पहिल्या तुकड्यावर चीर इतकी उघडी होती की जखमेत शिरलेल्या ओल्या मातीचा जाड उंचवटा राहिला होता. पुढे तो बारीक होत गेला. शेवटच्या तीन-चार तुकड्यांवर केसाएवढी रेघ उरली, जुन्या व्रणासारखी.

“आता उलटा,” त्या साहेबांना म्हणाल्या. स्वतः हात मागे घेतले.

साहेबांनी एकेक तुकडा उलटला. नऊ. नऊ. आठ. आठ. सात. सर्वांत खालचा थर आधी, मग त्याच्या वरचा. सहाव्या थरापाशी त्यांचा वेग मंदावला. शेवटचे दोन तुकडे तिसऱ्या थरातले निघाले. एकही आकडा मागेपुढे नव्हता. शेडचा पत्रा उन्हाने तडतडला तेव्हा दोघंही दचकले.

“तुम्ही आकडे पाहिले होते.”

“पाहिले असते तर मीच दोनचार चुकवले असते. इतकं बरोबर कोण मानेल?”

साहेबांनी नोंदवही ओढली आणि वर्गाच्या नावापुढची ‘रद्द’ ही खूण खोडली. कालखंडाच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

“जखम भरायला चारशे वर्षं लागली, असं लिहू का मी?”

“एवढ्यात काही लिहू नका,” मावशी म्हणाल्या. “दुसऱ्या थराची राहिलेली खापरं बाहेर पाटीत वाळतायत.”

साहेबांनी दाराकडे पाहिलं. पाटी आत आणायला मात्र दोघांपैकी कोणी उठलं नाही.