आठपैकी चार तारा

चनाप्पाकाकांच्या मॅन्डोलिनच्या चार तारा मी पहिल्याच आठवड्यात पक्कडीनं काढून टाकल्या होत्या.

काकांना जाऊन आज पंधरा वर्षं झाली. दरवर्षी लिहीन म्हणते आणि राहून जातं. आज लिहितेच.

नव्वदच्या दशकाचा शेवट. शाहूपुरीत वरच्या मजल्यावर आमचा टायपिंग क्लास, मी तिथं शिकवायचे. खाली काकांचं मोटार-पंपाच्या स्पेअर पार्टचं दुकान, आणि दुकानामागंच त्यांचं घर.

संध्याकाळी शटर अर्धं खाली आलं की काका मॅन्डोलिन घ्यायचे. रोज एकच चाल. त्यांनी स्वतः बांधलेली, गौराकाकींना आवडायची म्हणून रोज तीच.

वर माझी मशिनं थांबायची. पोरींना मी सांगायचे, "हात दुखले असतील, पाच मिनिटं बसा." दुखत कुणाचंच नसायचं.

एक दिवस धीर करून विचारलं, "काका, मला शिकवाल?"

"वय काय तुझं?"

"एकोणतीस."

"मग लवकर ये की! वाट कुणाची बघतीस?"

ते मला अक्का म्हणायचे. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी अक्का. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि शिकवताना दोन्हीची मिसळ.

मला वाटलेलं, माझं टायपिंगचं स्पीड बघता हे चुटकीसरशी जमेल. कसलं काय! पहिल्याच दिवशी काका ओरडले, "टाइपरायटर न्हाय हे! बोट आपटू नको, दाब."

दाबलं. बोटांची टोकं सोलून निघाली. भाकरी मोडताना झोंबायचं.

घरी सरावाला त्यांनी स्वतःचं जुनं मॅन्डोलिन दिलं होतं. पहिल्याच रविवारी ते नीट न्याहाळलं. तारा आठ, पण जोड्या चार. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात.

मी काय समजावं? दुसरी तार स्पेअर आहे! माणूस स्पेअर पार्टवाला. तार तुटली तर पंचाईत नको म्हणून शेजारीच एक जादा लावून ठेवली असणार.

चारही "जादा" तारा काढल्या, वेटोळी करून टाइपरायटरच्या रिबनच्या रिकाम्या डबीत ठेवल्या आणि सोमवारी मोठ्या तोऱ्यात काकांच्या पुढ्यात डबी ठेवली.

"काका, स्पेअरच्या काढून ठेवल्यात. उगाच गंजायच्या."

काकांनी डबीकडं बघितलं. मॅन्डोलिनकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"गौरा! भाईर ये! अक्कानं काय करून ठिवलंय बघ!"

काकी इतक्या हसल्या की खाली बसल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पण काका एकही शब्द लावून बोलले नाहीत. चारही तारा परत चढवल्या, सुरात लावल्या. आधी एकच तार छेडली, मग जोडी.

"एकटी नुसती किणकिणती. आता ऐक."

ऐकलं. खरंच, आवाज भरून आला होता.

काकांनी मला कधी छान म्हटलं नाही. शिकवणी संपली की फक्त "साकु." कानडीत म्हणजे पुरे. पाच वर्षं मी "साकु" ऐकून घरी गेले. त्यांची चाल वाजवायची मात्र माझी छाती झाली नाही.

मग काकांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली.

महिन्याभरात ते दुकानात येऊन बसायला लागले. बेअरिंगचे नंबर तोंडपाठ सांगायचे. पण मॅन्डोलिन कपाटावर गेलं ते गेलंच. तिकडं बघायचेसुद्धा नाहीत.

एका संध्याकाळी गौराकाकी जिना चढून क्लासात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"अक्का, हातापायाचं डॉक्टर बघतील. पण शटर पडल्यावर घर खायाला उठतंय. मला सोसंना झालंय. काय करायचं ते कर, पण तेवढं वाजू दे."

मी खाली गेले. स्टुलावर चढून मॅन्डोलिन काढलं.

"ठेव वर," काका म्हणाले.

"नाही ठेवत."

"एका हातानं काय वाजणार हाय?"

"डावा माझा घ्या."

त्यांच्या डाव्या बाजूला चिकटून बसले. मॅन्डोलिन त्यांच्या मांडीवर ठेवलं. तार छेडायची तिकोनी पट्टी त्यांच्या उजव्या हातात दिली. तारा मी दाबणार, छेडणार ते.

पहिल्यांदा नुसता गोंधळ. "उशीर! उशीर करतीस!" काका खेकसले. दीड महिन्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला होता. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मग त्यांची चाल सुरू केली. वरच्या मजल्यावरून इतकी वर्षं ऐकलेली, बोटांना कधीच न शिकवलेली.

माझं बोट मागं राहिलं. काकांचा हात थांबला. मी पोचल्यावर पुढं गेला. गिऱ्हाइकासाठीसुद्धा कधी न थांबणारा माणूस माझ्या बोटासाठी थांबत होता.

चाल संपली. काकी स्वयंपाकघराच्या दारात, हाताला पीठ तसंच. मी "साकु"ची वाट बघत बसले.

काका खाली बघत म्हणाले, "इन्नोम्मे."

म्हणजे पुन्हा एकदा.

त्यानंतर चार वर्षं, रोज शटर पडल्यावर, आम्ही दोघांनी मिळून एक मॅन्डोलिन वाजवलं. काका गेले त्याच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा.

ती तिकोनी पट्टी आता माझ्या रिबनच्या डबीत आहे. चाल मी एकटीच वाजवते, आठही तारा लावून. अजूनही एका जागी बोट मागं राहतं, आणि उजवा हात आपोआप थांबतो.

तिथं तुम्ही फार आठवता, काका.

नमस्कार करते.

इन्नोम्मे.