टेबलाचे पाय

वॉर्डात सिस्टर आणि घरी ताई असलेल्या त्या बाईला किळस अशी कशाची वाटायचीच नाही. कुजलेली जखम असो की उलटीनं भरलेली चादर, ती बाह्या सरसावून पुढे व्हायची. तिला मळमळून आलं ते वाचनालयाच्या सभागृहात, वडिलांचं कौतुक चालू असताना.

अण्णा, म्हणजे तिचे वडील, प्राध्यापक होते. पुस्तकांचं त्यांना भारी वेड. ते गेल्यावर त्यांचा सगळा संग्रह वाचनालयाला द्यायचा ठरला, त्याचाच हा समारंभ. त्यांच्या प्रत्येक पुस्तकात आतल्या बाजूला त्यांची बुकप्लेट, म्हणजे मालकाची खूण असलेली छापील चिठ्ठी, चिकटवलेली असे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापून घेतलेलं चित्र: एक टेबल, पण लाकडी पायांच्या जागी बाईचे पाय. टेबलावर पुस्तकांचा ढीग, त्यावर चष्मा लावलेला मासा. ड्रॉवरला कुलूप आणि कुलपाच्या भोकातून लोंबणारी जीभ. लहानपणी ताई आणि तिचा भाऊ त्या माशाला खूप हसायचे.

आज ते चित्र पडद्यावर भिंतभर मोठं केलं होतं. वक्ते रंगात आले होते. "मासा म्हणजे अथांग जिज्ञासा. जीभ म्हणजे अजून न उच्चारलेलं सत्य. आणि हे पाय? सारं ज्ञान सामान्य माणसाच्या जीवनावर उभं आहे, हेच सरांना सुचवायचं होतं!"

टाळ्या पडल्या. ताई मात्र पायांकडे बघत राहिली. पोटरीवर तटतटलेल्या शिरा. शेजारच्या बोटावर चढलेली करंगळी. घोट्याजवळ भाजल्याचा डाग. याच पायांना ती रोज तेल लावून द्यायची.

"आई," ती शेजारी वाकून कुजबुजली, "हे तुझे पाय आहेत."

"हळू बोल गं." आईनं मान वर केली नाही. "माझेच. हे चित्र काढणाऱ्याला घरी बोलावलं होतं, यांचे मित्रही जमले होते. मी सगळ्यांना चहा दिला, तर यांनी मला स्टुलावर उभं केलं. म्हणाले, या घरातलं सगळ्यात मजबूत फर्निचर हेच. सगळे पोट धरून हसले."

"आणि तू गप्प बसलीस?"

"म्हटलं ना, मला लाज वाटते म्हणून. तर म्हणाले, हिच्या तोंडाला कुलूपच घाला."

ताईच्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं. ती आईला धरून बाहेर पडली.

पुस्तकं अजून घरीच होती. न्यायला माणसं आली तेव्हा ताईनं दार अडवलं. आधी बुकप्लेट काढायच्या, मगच पुस्तकं जातील, म्हणाली. भाऊ भडकला. "अण्णांची आठवण आहे ती!" ग्रंथपाल म्हणाले, "बाई, बुकप्लेटशिवाय संग्रहाला काय अर्थ?"

आई आतून आली. "पुस्तकं खुशाल न्या," ती म्हणाली. "माझे पाय ठेवून जा."

शेवटी ग्रंथपाल बुकप्लेटशिवाय पुस्तकं घ्यायला तयार झाले. मग ताई सुट्टीच्या दिवशी ओल्या फडक्यानं एकेक बुकप्लेट भिजवून खरवडायला बसे. जुन्या खळीचा आंबूस वास सुटे, लगदा नखांत बुळबुळीत होऊन बसे. अण्णांनी त्या स्वतःच्या हातांनी चिकटवल्या होत्या, एकही वाकडी नव्हती. तेच तिला जास्त घाणेरडं वाटे.

पुस्तकं गेली. भावानं मात्र एक बुकप्लेट आधीच काढून ठेवली होती. ती आता फ्रेम करून त्याच्या दिवाणखान्यात लावली आहे. तो आईला राहायला बोलावतो. आई जात नाही.