सीनअण्णाची कौलं

कुणी गेल्याची बातमी आली की सीनअण्णा पहिल्यांदा विचारायचा, "पायात चप्पल हुतं का?" लोक चिडायचे, आणि का चिडू नयेत? एकदा एक बाई नवऱ्याचा मोबाइल घेऊन त्याच्या दुकानात आली. नवरा जाऊन बारा दिवस झाले होते, मोबाइलमधले फोटो तेवढे काढून द्या म्हणत होती. यानं तिलाही हाच प्रश्न विचारला. मी समोरच होते. मला वाटलं, आता ही बाई याच्या कानाखाली वाजवणार. ती म्हणाली, एकाच पायात होतं, दुसरं अजून सापडलेलं नाही. मग तिथल्याच बाकावर बसून ती तासभर रडली. बारा दिवसांत आज पहिल्यांदा रडू आलं, असं जाताना तिनंच मला सांगितलं.

कर्नाटकाच्या हद्दीतल्या आमच्या रामनगरच्या बाजारात माझं शिवणकामाचं दुकान आणि त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान समोरासमोर. मधे फक्त रस्ता आणि गटार. वयानं तो माझ्याहून थोडा मोठा, पन्नाशीचा, लग्न न केलेला. मला अक्का म्हणायचा. खरं नाव मतदार यादीत असेल, पण अख्ख्या बाजाराला तो सीनअण्णाच. चारशे पानी वहीत तो सिनेमे लिहायचा. कुणी मागितलेले नाहीत, कुणी काढणार नाही, असे. अकरा वह्या भरल्या होत्या. शूटिंग म्हणून त्यानं जन्मात एकदाच बघितलेलं, तेही जवळच्या गणेशगुडीला, नदीवर होड्यांची जाहिरात करायला आलेल्या लोकांचं, आणि तिथूनही त्याला हाकललं होतं.

पटकथेचा त्याचा एकच नियम होता: "दिसत न्हाई ते लिवायचं न्हाई." एकदा गिऱ्हाइकानं ब्लाऊज तीनदा उसवायला लावला म्हणून मी संतापले होते. त्याला म्हटलं, मला लई राग आलाय. तर हा म्हणतो, "राग कुठं दिसतोय अक्का? तू कात्री आपटलीस, ते दिसलं. तेवढंच लिवायचं." असा राग आला त्याचा! पण त्या दिवसापासून मला माणसांचे हात बघायची खोड लागली, ती लागलीच. कुणी गोड बोलत असलं तरी माझी नजर त्याच्या बोटांवर असते. ही त्याचीच देणगी.

मग त्याला गेमचं वेड लागलं. पोरं खेळतात तसले गोळीबाराचे नव्हेत. सिनेमासारखी गोष्ट असते, आणि गोष्टीतला माणूस आपण चालवायचा, असे. बेळगावातून एकेक सुटा भाग आणून त्यानं स्वतःच कॉम्प्युटर जोडला होता. पण खेळायची तऱ्हा काय सांगू! शत्रू अंगावर येतोय आणि हा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरून कपाटं उघडतोय. दर वेळी तिथंच मरायचा. वर मलाच कौतुकानं दाखवायचा, "बघ, आत शर्टबी घडी घालून ठेवलाय. कोन उघडणार न्हाई म्हाईत असताना ठेवलाय." त्याचं म्हणणं, सिनेमात लेखक आपला हात धरून नेतो, गेममध्ये तो हात सोडतो आणि दाराआड उभा राहून आपण कुठं बघतोय ते बघतो. ते जास्त अवघड.

त्या खेळांवर त्याचा एक रागही होता. ऐन मोक्याला, कुणाला वाचवायचं किंवा सोडायचं त्या क्षणी, खेळ आपल्या हातातून काढून घेतात आणि नुसता सिनेमा दाखवतात. तेव्हा तो खेळायचा रिमोट टेबलावर ठेवून तोंड फिरवायचा. "करायचं त्येंनी, रडायचं आपन. ह्येला काय अर्थ हाय? जे अवघड हाय ते मानसाला सोताच्या हातानं करायला लावाया पायजे." मी म्हणायचे, खुळा आहेस, लोक पैसे देऊन अवघड कशाला करतील? तो म्हणायचा, बाकीचं सगळं फुकटात विसरून जातं, म्हणून.

आता त्याच्या अव्वाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापाशीच येतं. अव्वा म्हणजे त्याची आई. सुपा धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावातली. मी लग्न होऊन खानापुराकडून आलेली, मला ते गाव ऐकूनच ठाऊक. पण रामनगरात निम्मी घरं तिकडून उठून आलेली, त्यामुळे ते गाव रोज कुणाच्या ना कुणाच्या बोलण्यात असतं. अव्वाला काचबिंदू झाला. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर येणार नाही, उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. त्या दिवशी सीनअण्णानं वह्या बांधून माळ्यावर टाकल्या. अव्वाची नजर आहे तोवर तिला तिच्या घरात नेऊन सोडायचं, एवढं एकच काम त्यानं डोक्यात घेतलं. ते गाव त्याला गेममध्ये उभं करायचं होतं, आपल्या पायानं चालता येईल असं.

इंटरनेटवर बघून बघून तो शिकला. गिऱ्हाइकांचे मोबाइल धूळ खात पडले. पाच महिन्यांनी त्यानं आम्हाला बोलावलं. अव्वा, तिच्याच गावचे परसूमामा आणि मी, तिघं त्याच्या घरी पडद्यासमोर बसलो. विहीर दिसली, नदीकडं उतरणाऱ्या पायऱ्या दिसल्या, फणसाचं झाड दिसलं. परसूमामांनी झाड ओळखून हात जोडले. मग गल्ली आली. एकाही घराला छप्पर नव्हतं. नुसत्या भिंती, दारांची भोकं, आणि प्रत्येक घरात वरून आभाळ ओतलेलं.

परसूमामा पडद्याजवळ सरकले. मग म्हणाले, "लेका, ह्ये गाव उठल्यावरचं हाय." गाव सोडताना लोकांनी आधी कौलं उतरवली होती, मग वासे, मग चौकटी. सगळं ट्रकमध्ये घालून इकडं आणायचं होतं. ट्रक येईपर्यंत काही दिवस माणसं त्या उघड्या भिंतींतच राहिली, तिथंच जेवली, निजली. सीनअण्णा तेव्हा पाच वर्षांचा. गावाची त्याला आठवण होती ती तेवढ्याच दिवसांची.

मी त्याच्यावर डाफरले. अरे, घराला छप्पर असतं हे कळायला आठवण कशाला लागते? तो ओशाळून म्हणाला, "हुती म्हाईत हाय गं अक्का. पर मी बगितली न्हाईत. न दिसलेलं कसं लिवू?" म्हणजे नियम आडवा आला होता. आणि मला तेव्हा पहिल्यांदा त्याची भीती वाटली. या माणसाच्या डोक्यात पंचेचाळीस वर्षं एक उघडं गाव उभं होतं आणि तो तिथं एकटाच फिरत होता. आम्हाला वाटत होतं, वेडा सिनेमे लिहितोय.

अव्वा पडद्याला नाक लावून बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "उघड्यावर काय दावतोस मला? माजं घर दाव." त्यानं विचारलं, कौलं कशी होती, सांग. तर तिनं बोट वर केलं. "तुज्या डोस्क्यावर हाईत की. तीच हाईत."

ते खरंच होतं. त्या गावाहून आणलेली कौलंच रामनगरातल्या त्याच्या घरावर चढवली होती. जन्मभर तो त्याच छपराखाली निजला होता आणि त्याच छपराला शोधत होता. मला हसू आलं.

मग सुरू झालं कौलांचं खूळ. दर रविवारी शिडी लावून दहा-बारा कौलं उतरवायची, धुवायची, अंगणात मांडून दोन्ही बाजूंनी फोटो काढायचे, पुन्हा चढवायची. सगळी एकाच साच्यातली असतात रे, एकाचा फोटो काढ आणि शंभरदा चिकटव, असं मी सांगून दमले. त्याला ते पटायचं नाही. काही कौलांना आतून काजळी होती. अव्वा ओट्यावर बसून बोटांनी चाचपायची आणि सांगायची, ही चुलीवरची, ही देवापुढची, ही गोठ्याकडची, यांना वास वेगळा. ती सांगेल तशी तो मागे खडूनं खूण करायचा. अशा रविवारी दोघांकडं बघून वाटायचं, यांना कुणी हाक मारू नये.

शेवटच्या दोन रांगा राहिल्या होत्या तेव्हा अव्वाची नजर गेली. सकाळी उठली आणि म्हणाली, आज उजाडलंच नाही का? सीनअण्णानं त्या दिवशी दुकान उघडलं नाही. मी डबा घेऊन गेले तर तो शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसला होता, वरही जाईना, खालीही येईना. मी म्हटलं, आता कुणासाठी करतोस, सोड. आयुष्यात काही वाक्यं बोलून पस्तावा होतो, त्यातलं हे एक. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्याच रविवारी वर चढला.

गेममधलं छप्पर पुरं झालं, आणि घरात अंधार झाला. साहजिकच होतं, पण त्यानं ते गृहीतच धरलं नव्हतं. गेममध्ये उंबरा ओलांडला की पडदा काळा. एवढं राबून काही दिसेचना. तो कंदील ठेवू म्हणत होता, खिडकी मोठी करू म्हणत होता. अव्वानं नुसता हात पुढं केला. त्यानं तिच्या हातात रिमोट दिला, कुठला दांडा ढकलला की पाय पुढं पडतो ते दाखवलं. पावलांचे आवाज त्यानं खरे भरले होते, दगडाचा वेगळा, सारवलेल्या जमिनीचा वेगळा. अव्वा त्या आवाजांवर चालू लागली. आम्ही डोळस दोघं काळ्या पडद्याकडं बघत बसलो, आणि ती आंधळी बाई घरातून फिरत होती. "दुपारचंबी असंच असायचं घरात," ती म्हणाली. "हाताला गावतं सगळं." सोपा झाला, माजघर झालं. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात ती थांबली.

"हितं तू निजायचास," ती म्हणाली.

"मला न्हाई आठवत अव्वा."

"तुला कसं आठवंल? तू निजलेला हुतास."

तो उठून अंगणात गेला. परत आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात अव्वानं अंथरूण धरलं. आठ दिवस पाण्याच्या थेंबावर होती. श्वास चालू, पण शुद्ध नाही. बघवत नव्हतं. आमच्याकडं जुनी माणसं म्हणतात, घर सांभाळलेल्या बाईचा जीव छपराला अडकतो, वरचं एक कौल सरकवलं की वाट मिळते. नवव्या दिवशी दुपारी परसूमामा तेच म्हणाले. खोलीत मी, मामा आणि तो. सीनअण्णा वर बघत राहिला. त्यातलं एकेक कौल त्यानं स्वतः उतरवलं होतं, धुतलं होतं, तिच्या बोटांखाली धरलं होतं. मामांना त्याची दया आली. म्हणाले, तू बस तिच्यापाशी, मी चढतो. तो म्हणाला, "नको मामा. मीच."

शिडीचे आवाज झाले. वर काहीतरी खरवडलं आणि अव्वाच्या तोंडावर ऊन पडलं. हातभर, पांढरं, ऐन वैशाखातलं. तो खाली आला, तिच्या उशाशी बसला आणि तिच्या डोळ्यांवर आपला तळवा आडवा धरला. त्या डोळ्यांना आता उजेड काय आणि अंधार काय! मी हळूच म्हटलं, अण्णा, तिला कळत नाही रे. त्यानं मान हलवली. "तिनं धरला हुता. कवलं उतरल्यावर. मी निजलो हुतो, तोंडावर ऊन आलं, आन् तिनं हात धरला हुता. आत्ता आठवलं." अव्वा त्याच्या तळव्याखालीच गेली. मामांनी सांगितलं, झालं. तरी तो हात काढेना. ऊन सरकत सरकत उशीवरून भिंतीवर गेलं तेव्हा कुठं त्यानं काढला.

तेरावं झालं आणि पुढच्याच आठवड्यात त्यानं दुकान आवरलं. कॅसलरॉक स्टेशनावर जाऊन वास्कोची गाडी धरली. गोव्यात कुठल्याशा कॉम्प्युटरच्या दुकानात आहे म्हणतात. मी फोन केला की उचलतो, बरं आहे म्हणतो, मुक्काम विचारला की विषय बदलतो. जाताना वह्या, कॉम्प्युटर आणि घराची किल्ली माझ्याकडं देऊन गेला. वह्यांचं काय करू विचारलं तर म्हणाला, वाळवी लागू देऊ नको, एवढंच.

वर्षभर मी त्या कॉम्प्युटरला हात लावला नाही. मग एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, लावला. विहीर, पायऱ्या, फणस, गल्ली. घराघरावर छपरं. मी अव्वाच्या घरात शिरले. काळोख. पावलांच्या आवाजावर ठेचकाळत मागच्या खोलीत गेले. त्या कोपऱ्यात आता वरचं एक कौल सरकवलेलं होतं, जमिनीवर उन्हाचा तुकडा पडला होता, आणि त्या उन्हात लहान पोराचं अंथरूण होतं. जवळ गेले तर पडद्यावर एका बटणाची खूण उमटली. मी बटण दाबलं. एक हात पुढं आला आणि उन्हावर आडवा झाला. बोट उचललं की हात मागं जायचा आणि ऊन पुन्हा उशीवर पडायचं. पुन्हा दाबलं. पुढं काय होतं म्हणून मी बघत राहिले. पुढं काही होत नाही. किती वेळ धरायचं ते त्यानं लिहिलेलं नाही. बाहेर कुणीतरी अक्का, अक्का म्हणून हाका मारत होतं, बोट बधिर झालं होतं, आणि मला ते उचलवत नव्हतं.