बाबांची तूर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या माझ्या दादाला तर नाहीच. गोष्ट आहे डाळीची. हसलात? हसा. मीसुद्धा इतकी वर्षं ती हसण्यावारीच नेली आहे.

आधी हे सांगून टाकते, की मी सुखात आहे. नागपुरात बेसा रोडच्या पुढे आमचं घर आहे, अंगणात लिंबू आहे, कढीपत्ता आहे, दुपारी पंख्याखाली घोरणारा निवृत्त नवरा आहे. हे घर माझ्या हट्टाचं. नवऱ्याला जुन्या शहरात, महालात फ्लॅट घ्यायचा होता, तिथे नळाला गोड पाणी आहे म्हणून. मला अंगण हवं होतं. बोअर मारू, बारा महिने पाणी, असं मीच म्हणाले होते.

बोअरला पाणी भरपूर लागलं. पण कसलं पाणी? साबणाला फेस येईना. तोट्यांवर पांढरे थर, गिझरची कॉइल वर्षभरात दगड झालेली, धुतलेल्या पेल्यांवर ठिपकेच ठिपके. नवरा नुसता पेला उजेडाकडे धरून बघायचा. त्या बघण्याचा मला असा राग यायचा! मग मी एक ठरवून टाकलं, की पाण्याला नावं ठेवायची नाहीत. फेस आला नाही तर साबण वाईट. केस गळाले तर शाम्पू वाईट. आणि डाळ शिजली नाही तर —

थांबा, डाळ कुठून यायची ते सांगते. दादा नरखेड तालुक्यात आमची शेती करतो. संत्र्याची बाग, थोडी कपाशी, कपाशीत मधूनमधून तुरीची तासं, म्हणजे ओळी. ती तूर बाबांची. बाबा दरवर्षी चांगल्या शेंगा निवडून त्यांचं बियाणं राख लावून मडक्यात ठेवायचे, त्यांच्यामागे दादा ठेवायचा. दाणा बारीक, पण वरणाला साखर घालावी लागत नसे. तिची डाळ भरडून दादा दर उन्हाळ्यात पोतं एसटीने घेऊन यायचा. मी दार उघडायच्या आधीच पोतं खांद्यावरून उतरवून उभा असायचा.

नव्या घरात ती डाळ शिजेना. सहा शिट्ट्या केल्या तरी दाणा वेगळा, पाणी वेगळं. मी दादाला फोनवर म्हणाले, यंदा डाळ काही जमली नाही रे. सहज म्हणाले. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं, एवढं मात्र लक्षात घ्या.

मग मी डब्यात थोडी ठेवून बाकीची डाळ ऑफिसातल्या मंदाला देऊन टाकली. ती महालात राहायची. आठवड्याने मंदा विचारते, अजून आहे का गं, काय लोण्यासारखी शिजते! दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडून पाच लिटरच्या कॅनमध्ये नळाचं पाणी आणलं आणि घरात कुणी नसताना कुकर लावला. दोनच शिट्ट्या. झाकण काढलं तर डाळ विरघळलेली. मी ओट्याशी उभ्यानेच वरणभात खाल्ला, भांडं घासून ठेवलं, कॅन मोलकरणीला देऊन टाकला. पुरावाच नष्ट केला म्हणा ना.

इथवरही चालून गेलं असतं. पण पेरणीच्या तोंडावर दादाचा फोन आला. "बाई, खरं सांग वं. डाळ शिजून नाही राहिली काय? इथं तं शिजते. पण तुह्याच घरी शिजत नसंल तं मी ते कोणासाठी पेरू? बियाणं बदलू काय?"

नवरा समोर पेपर वाचत होता. पेपर थोडा खाली आला होता. एकच वाक्य बोलायचं होतं — दादा, डाळ चांगली आहे, पाणी वाईट आहे. एवढंसं वाक्य.

"बदल," मी म्हणाले.

त्याने बदललं. मडक्यातलं उरलेलं बियाणंही भरडून खाल्लं, उगाच किडे कशाला, म्हणाला. गावात दुसऱ्या कुणाकडे ती तूर नव्हती. बाबांची म्हणून ती आमच्याकडेच होती. पुढच्या उन्हाळ्यात बाजारच्या बियाण्याची डाळ आली, तीही शिजली नाही. मी म्हणाले, छान शिजली. मग मी मंदाकडचं पाणी नियमित आणू लागले, भिशीच्या नावाखाली.

आता आमच्या लेआउटमध्ये कॉर्पोरेशनचा नळ आला आहे. पेले लख्ख असतात. मी रोज नळाखाली हात धरून फेस काढते आणि मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

गेल्या संक्रांतीला दादा आला होता. सत्तरीचा झाला आहे, पण पोतं अजून स्वतःच उचलतो. वरणाचा घास घेऊन नवऱ्याला म्हणाला, "पाहा जावईबापू, बाईनं सांगितलं म्हणून बियाणं बदललं. नाही तं मी बसलो असतो बाबाचंच धरून." मग मला म्हणाला, "पण बाबाची तूर गोड होती, नाही वं?"

हो, म्हणाले. त्याच्या भातावर आणखी वरण वाढलं. तो ताट चाटूनपुसून जेवला.

बाबांची तूर शिजत होती. दोन शिट्ट्यांत.