आरतीनं कुठं उभारायचं?

विमल गेली, आणि धडा अर्धवट टाकून गेली.

आयुष्यभर हेच केलं तिनं. पोर्शन म्हणून कधी वेळेत संपवला नाही. निदान शेवटचा तरी संपवायचा!

आज तिचा दहावा. शिक्षकांच्या ग्रुपवर सकाळपासून हात जोडलेले स्टिकर येताहेत. "गणिताची भीती घालवणाऱ्या विमलबाई."

कुणी सांगितलं? भीतीबिती काही घालवली नाही तिनं. पोरांना उन्हात उभं केलं.

आम्ही दोघींनी एकाच शाळेत गणित शिकवलं. मी फळ्यावर व्याख्या लिहायची, मुलं उतरवून घ्यायची, विषय संपला. ही कोडोली गावची. हिचा आवाज असा की माझ्या वर्गातली मुलंसुद्धा तिचंच ऐकायची.

रिटायर झाले तेव्हा वाटलं, सुटले. तर हिनं गल्लीतल्या तालमीच्या पटांगणात आठवीच्या मुलांचा फुकट क्लास काढला आणि वह्या तपासायला मला बसवलं.

"घरात बसून सुनंच्या चुका काढणार हायस का? त्यापरीस हितं ये, पोरांच्या काढ."

त्या शुक्रवारी संख्यांचे प्रकार होते. मी म्हटलं, तक्ता आणलाय, लाव.
हिनं तक्ता बाजूला ठेवला आणि रांगोळीचा डबा उघडला.

जमिनीवर गोल काढले, एकात एक.
सगळ्यात आत नैसर्गिक संख्या: एक, दोन, तीन. त्याबाहेर पूर्ण संख्या, तिथं शून्य आलं. त्याबाहेर पूर्णांक, ऋण संख्यांसकट. सगळ्यात बाहेरचा गोल परिमेय, म्हणजे ज्यांचा अपूर्णांक करता येतो त्या सगळ्या.

प्रत्येकाच्या हातात एकेका संख्येचं कार्ड. शिट्टी वाजली की आपल्या गोलात पळायचं.

पाचाचं कार्ड घेतलेला मुलगा मधोमध जाऊन उभा.
"तू पूर्णांक हायस का रं?"
"न्हाय बाई, मी नैसर्गिक."
"मंगळवार पेठेत ऱ्हातोस म्हणून कोल्हापूरचा न्हाईस व्हय?"
"हाय की!"
"मग? आतल्या गोलात हायस म्हणजे बाहेरच्या समद्या गोलांत हायस."

√९ वाली मुलगी वर्गमुळाचं चिन्ह बघूनच घाबरली. कुठल्याच गोलात शिरेना.
"टोपी घातली म्हणून माणूस बदलतं व्हय गं? तीन हायस तू, तीन! जा आत."

इथवर ठीक होतं.

शेवटी राहिली आरती. हातात √२.
ती परिमेयच्या गोलात शिरली. "एक पूर्णांक चारशे चौदा सहस्रांश, बाई." पाठ होतं तिला.
"वर्ग करून बघ. दोन येतंय?"
तिनं जमिनीवरच गुणाकार केला. "जवळ येतंय."
"घराच्या जवळ आलीस म्हणजे घरात आलीस व्हय? हो बाहेर."

पोर गोलाबाहेर. डोळ्यांत पाणी. बाकीचे हसायला लागले.

मी म्हटलं, "विमल, सांगून टाक की. एका शब्दाचं उत्तर आहे."
"उद्या. रातभर डोकं खाजवू दे तिला."
"सगळ्या गोष्टी उद्यावर ढकलतेस तू!"
"आणि तू समद्या आजच उरकतीस. आपलं बरं जमतं."

शनिवारी पहाटे हार्ट अटॅक.

हिचा उद्या आला नाही. आरतीचा तरी कुठं आला?

काल मी क्लास पुन्हा सुरू केला. रांगोळी पार विस्कटली होती, तरी पुसटसे गोल दिसत होते. आरती त्या दिवशी उभी होती तिथंच येऊन उभी राहिली. गोलांच्या बाहेर.

"बाई, मी कुठं उभारू?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. अपरिमेय. लिहून घ्या. पुढचा प्रश्न.

पण ती थांबलीच नाही.
"सात छेद पाच करून बघितलं, बाई. वर्ग आला एकोणपन्नास छेद पंचवीस. वर पन्नास पायजे हुतं. एकानं हुकलं! आणखी किती घेतलं, समदं हुकतंय. ह्या गोलांत माझी जागाच न्हाय."

"मग तू संख्याच नाहीस म्हणायची?"
माझ्या तोंडून विमलसारखा प्रश्न गेला. संगतीचा परिणाम, दुसरं काय!

आरतीनं खिशातनं सुतळी काढली.
"आमच्या दारात फूटभर चौकोनी फरशी हाय. ह्या कोपऱ्यापास्नं त्या कोपऱ्यापतूर मोजून तोडली. पायथागोरसनं हिची लांबी रूट टू फूट. सुतळी हातात हाय की, बाई! मग संख्या कशी न्हाय?"

कुणी हसलं नाही.

मी डबा उघडला आणि वाकले. मुलांदेखत जमिनीवर कधी वाकले नव्हते. सगळ्या गोलांना वेढून एक मोठा चौकोन काढला. वाकडा आला. आत लिहिलं, वास्तव संख्या. गोलांच्या बाहेर, पण चौकोनाच्या आत लिहिलं, अपरिमेय.

"इथं उभार."

ती आत आली. सुतळी घट्ट धरून, ताठ उभी राहिली.

माझा गुडघा अजून ठणकतोय. फळ्यानं तुझं काय घोडं मारलं होतं, विमल?

बाकी हात जोडणं, फुलं वाहणं ग्रुपवाले करताहेत. मला जमत नाही ते.

आरती जागेवर उभी राहिली. पोर्शन पूर्ण झाला.

बरं, सुखानं ये आता.