मशीनच्या नावावर खपवलेली ओळ

"एक ओळ मशीनची आहे, एक आमच्या संध्याताईंची. गोविंदभाऊ, तुम्हीच सांगा कोणती चालवायची," असं म्हणून मिलिंद सरांनी स्क्रीन चालू केली आणि माझ्याकडे न पाहता खुर्चीत मागे रेलले.

संध्याताई म्हणजे मी. नागपूरच्या धरमपेठेतल्या एका लहान जाहिरात एजन्सीत कॉपीरायटर. फोटो, रंग, डिझाइन दुसरे करतात. होर्डिंगवरची ती एक ओळ, जी तुम्ही सिग्नलला उभं राहून वाचता आणि हिरवा लागला की विसरता, ती माझी. माझं काम वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर चालतं. ते पुढच्या महिन्यात संपत होतं आणि सर नेमके तेव्हाच ए.आय.च्या प्रेमात पडले होते. इतके, की बायकोला वाढदिवसाच्या शुभेच्छाही त्यांनी त्याच्याकडून लिहून घेतल्या आणि खाली 'आणखी काही बदल हवे असल्यास कळवा' हे वाक्य तसंच राहून गेलं. वहिनींनी बदल कळवले म्हणतात.

"हा सामना होऊ द्या, मग कॉन्ट्रॅक्टचं बोलू," असं सर मला आदल्या दिवशी म्हणाले होते. मला भयंकर राग आला. सामना कसला डोंबलाचा! निकाल आधीच लागला होता. मशीनच्या नावानं विजेचं बिल वाचून दाखवलं असतं तरी ते 'वा' म्हणाले असते.

मशीनकडून ओळ काढून घ्यायचं काम मात्र माझ्याकडेच होतं आणि स्लाइडही मलाच बनवायच्या होत्या. मी बनवल्या. फक्त नावं बदलली. माझ्या ओळीवर 'ए.आय.' लिहिलं आणि ए.आय.च्या ओळीवर 'संध्या'. सर वा वा करतील, मग मी हळूच खरं सांगेन, सगळे हसतील, विषय संपेल. एवढाच बेत होता.

गोविंदभाऊ आमचे क्लायंट. भिवापूरला त्यांची मिरची पावडरची फॅक्टरी आहे. माणूस दिलदार, पण आपल्या मिरचीबद्दल अर्धा शब्द वावगा खपत नाही त्यांना.

पहिली स्लाइड आली. 'संध्या : परंपरेचा रंग, विश्वासाची चव.'

गोविंदभाऊंनी तोंड वाकडं केलं. "मॅडम, हे तं चहावालेही लिवतात अन् तेलवालेही लिवतात. याच्यात माही मिरची कुठी हाय?"

मी मान खाली घातली. हसू दाबायला.

दुसरी स्लाइड. घामानं डबडबलेला जावई, समोर रश्श्याची वाटी, आणि सासूबाई वरून आणखी वाढत आहेत. खाली ओळ : 'काही तिखट नाही, घ्या न!'

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे कोणत्याच घरचा रस्सा तिखट नसतो. पाहुण्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या तरी घरची मंडळी हेच म्हणणार. आणि पाहुणाही "नाही नाही, बरोबर आहे" म्हणत तांब्या रिकामा करणार. हे खोटं बोलल्याशिवाय आमचा पाहुणचार पुरा होत नाही.

गोविंदभाऊ टेबलावर हात आपटून हसले. "अरे बाप्पा! हे तं माही सासू हाय! मशीनले कसं मालूम?"

"ए.आय. आहे, भाऊ. त्याला सगळं माहीत असतं," सर म्हणाले.

मी घसा साफ केला. "सर, एक गंमत सांगायची होती..."

"थांबा न मॅडम!" गोविंदभाऊंनी मलाच थांबवलं. "मी आता साऱ्या दुकानदाराईले सांगतो, माही जाहिरात मशीननं लिवली म्हून. वर्षभराचं काम तुमालेच, सर!"

झालं. करायला गेले गणपती अन् झाला मारुती. तोंड उघडलं तर क्लायंट जाणार, बंद ठेवलं तर माझं कॉन्ट्रॅक्ट. मी बंद ठेवलं. संध्याकाळी सरांनी केबिनमध्ये बोलावून अगदी गोड आवाजात सांगितलं, "ताई, पर्सनली घेऊ नका. पुढच्या महिन्यापासून फ्रीलान्स बघू." आमच्या धंद्यात 'बघू' म्हणजे 'या आता'. माझ्याच ओळीनं मला हरवलं होतं. रडू की स्वतःचीच पाठ थोपटू, कळेना.

पुढच्याच आठवड्यात गोविंदभाऊंना दिवाळीसाठी त्याच चालीच्या नव्या ओळी हव्या झाल्या. सर उत्साहानं स्वतः बसले. मशीनला जे काम सांगायचं, त्याला प्रॉम्प्ट म्हणतात. सरांनी प्रॉम्प्ट दिला : 'तिखट नाही या थीमवर मिरची पावडरच्या दहा ओळी दे.' मशीन आज्ञाधारक. तिनं दिल्या. सरांनी न वाचता व्हॉट्सॲपवर पाठवल्या.

थोड्याच वेळात फोन. आवाज स्पीकरशिवायही माझ्या टेबलापर्यंत आला असता, पण सरांनी स्पीकर लावला होता.

"सर, हे काय हो? 'सौम्य चवीची मिरची, लहानग्यांच्याही आवडीची'? माही मिरची सौम्य?"

"भाऊ, ते जरा..."

"अन् हे पाहा! 'डोळ्यांत पाणी न आणणारी'! काहून हो, मी का पिठीसाखर विकून राहिलो? हे भिवापुरात लागलं तं गावात तोंड दाखोता येईन का मले? ते पयलीवाली मशीन लावा. नाही तं राहू द्या काम!"

खरं सांगायचं तर मशीनचा दोष नव्हता. तिला कोणी 'तिखट नाही' म्हटलं, तिनं विश्वास ठेवला. बिचारी कधी कोणाच्या सासुरवाडीला जेवली नाही.

सर घाम पुसत माझ्या टेबलाशी आले. "ताई, पहिल्या वेळी तुम्ही प्रॉम्प्ट काय दिला होता?"

"प्रॉम्प्ट नव्हता, सर."

"मग?"

"काटोलला मावशीकडे जेवायला गेले होते. तिचा जावई समोर बसला होता. त्याच्याकडे पाहून सुचलं. ती ओळ माझी आहे. स्लाइडवरची नावं मी बदलली होती."

सर बसले. मग उठले. मग पुन्हा बसले. "ही चीटिंग आहे, ताई!"

"आहे. गोविंदभाऊंना सांगून टाकू? लावते फोन."

"नको! फोन खाली ठेवा आधी." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "नवी ओळ कधी मिळेल?"

"कॉन्ट्रॅक्ट कधी मिळेल?"

कॉन्ट्रॅक्ट त्याच दुपारी टाइप झालं. ओळ चहा संपेपर्यंत झाली. भाऊबीजेचं ताट, रुमालानं डोळे पुसणारा भाऊ, आणि शेजाऱ्यांना समजावणारी बहीण : 'तिखट नाही लागलं, भरून आलं त्याला!'

गोविंदभाऊंचा लगेच फोन. "जमलं, सर! सर्व्हिसिंग केली वाटते मशीनची?"

"हो, केली," सर माझ्याकडे पाहत म्हणाले.

तेव्हापासून माझ्या कार्डावर 'ए.आय. क्रिएटिव्ह हेड' असं छापलं आहे. भाचीच्या लग्नाला रजा घेतली, तेव्हा मशीनचं अपडेट चालू असल्याचं सरांनी भिवापूरला कळवलं. संक्रांतीला गोविंदभाऊंनी मशीनसाठी तिळगूळ पाठवला. मी खाल्ला.

लोक मला विचारतात, ए.आय. कॉपीरायटरची नोकरी खाणार का हो? मला काय माहीत! चहाला, तेलाला आणि मिरचीला एकच ओळ चालत असेल, तर ती मशीननं खुशाल लिहावी. पण आमच्या ऑफिसपुरतं सांगते. माझी नोकरी अजून कोणी खाल्ली नाही. उलट मशीनची नोकरी मीच करून राहिली आहे, आणि तिच्या कामावर क्लायंट फार खूश आहे.