मोटरबाई आणि सरकणारी अक्षरं

आमच्या गल्लीत एक बातमी पक्की आहे: माझी आत्या बिघडलेल्या मशीनला थोबाडीत मारते आणि मशीन मुकाट्याने चालू लागतं. कोपऱ्यावरचे झेरॉक्सवाले काका तर डोळे मोठे आणि आवाज बारीक करून सांगतात, "स्वतः पाहिलंय मी. एकच दिली. सट्टकन! मशीन थरथरलं, हो!" आपण तिच्या दुकानाची पायरी कधी चढलेलो नाही, एवढं मात्र काका गाळतात.

खरं असं आहे की आत्या मोटरच्या पाठीवर तळहात ठेवते, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. तिच्याकडे येतात त्या स्टेपर मोटरी, म्हणजे मोजून पावलं टाकत फिरणाऱ्या. कॉम्प्युटर इशारा देतो, कंट्रोलरची पेटी तो ऐकते आणि मोटर पाऊलभर सरकते. पाऊल अडखळलं की आत्याच्या हाताला आधी कळतं. तिने मारलेलं मी एकदाच पाहिलंय, तेही एका गिऱ्हाइकाच्या मनगटावर. तो चालू पेटीतून मोटरची वायर उपटत होता. तशी उपटली की पेटीतलं कार्ड जळतं.

आधी ती प्रिंटर दुरुस्त करायची. मग प्रिंटरना बारीक केबल आली आणि कॉम्प्युटरच्या मागच्या पॅरलल पोर्टमध्ये बसणारी ती जुनी, रुंद तोंडाची केबल लोक फेकून देऊ लागले. आत्या एकेक घरी आणू लागली. आतोबा म्हणाले, "बरं झालं, कपडे वाळत घालायची सोय झाली." पण लाकूड कोरणारी, पत्रा कापणारी कितीतरी मशीनं अजून त्याच पोर्टवर चालतात आणि त्यांना हात लावायला कुणी तयार नाही. आता जिन्याखालच्या तिच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते. मोठी जागा घे म्हटलं की म्हणते, "कशाला? इथे बसल्या बसल्या सगळं हाताशी येतं."

परवा सुतारमामा धापा टाकत आले. बोलायला लागण्याआधी ते 'म्हणजे'ची गाडी सुरू करतात. "म्हणजे काय आहे ना ताई, म्हणजे, अक्षरं पळतायत!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलीचा जनावरांचा दवाखाना उघडणार होता आणि पाटी व्हायची होती. मामांच्या वडिलांच्या कामाच्या बाकाची फळी तेवढी जपून ठेवलेली, तीच कोरायची. फळी एकच. मामांनी आधी आपल्या कोरायच्या मशीनवर भंगार लाकूड लावून पाहिलं, तर 'पशुवैद्य'मधला 'शु' 'प'च्या अंगावर रेललेला आणि 'द्य' थेट 'वै'च्या मांडीवर.

"कधीपासून?" आत्याने विचारलं.

"जुना कॉम्प्युटर गेला ना, म्हणजे, भाच्याने दुसरा बसवून दिला. तेव्हापासून."

"हं."

आत्याचं 'हं' तीन प्रकारचं असतं. हे मधलं होतं: संशय आलाय, खात्री नाही. आम्ही तिघं मामांच्या कारखान्यात गेलो.

तिने पेटी बंद केली, आडव्या आणि उभ्या मोटरीच्या वायरी एकमेकींच्या जागी लावल्या आणि पुन्हा चालू केलं. आता आडवी मोटर नीट चालली आणि उभी चुकू लागली. म्हणजे मोटरी निर्दोष सुटल्या. तिने पेटी बंद करून वायरी पुन्हा जागच्या जागी लावल्या.

"कार्ड जळलंय," मी म्हटलं.

"पैज?"

"पैज!"

"हरलीस तर या कॉम्प्युटरच्या पोटातला भुसा तू काढायचा. ब्रशने. फुंकर चालणार नाही."

"आणि मी जिंकले तर तू!"

मामा फळी छातीशी धरून उभे. "अहो, म्हणजे, पैज नंतर लावा ना!"

आत्याने कोरायचं पातं काढून तिथे पेन्सिल बसवली. खाली कागद. आधी एक लांबलचक रेघ काढायला लावली आणि पेन्सिल परत आणली. जिथल्या तिथे आली. मग करवतीच्या दातांसारखी छोटी रेघ, मागे-पुढे, मागे-पुढे. बघता बघता पेन्सिल कडेला सरकली.

"बघ," आत्या म्हणाली, "लांब चालताना चुकत नाही, वळताना चुकतं. जळकं कार्ड वळणाची वाट कशाला बघेल?"

तिने प्रोग्रामचं सेटिंग उघडलं. आडव्या मोटरीसमोर 'इशारा उलटा करा' या चौकटीत भाच्याने चुकून खूण करून ठेवली होती. त्यामुळे पेटी प्रत्येक इशारा जरा उशिरा उचलायची. तेवढ्यात कॉम्प्युटर 'आता उलटं फीर' म्हणायचा आणि राहिलेलं पाऊल उलट्या दिशेला पडायचं. प्रत्येक वळणाला एक.

खूण काढली. दातेरी रेघ पुन्हा काढली. पेन्सिल निघाली तिथेच परत आली. आत्याने ती काढून पातं पुन्हा बसवलं.

"ठेवा फळी," आत्या म्हणाली.

मामांनी ती ठेवली, पण बोटं काही सुटेनात. आत्याने त्यांचा हात अलगद बाजूला केला आणि स्वतःचा मोटरीवर ठेवला. 'प' झाला. 'शु' आपल्या जागेवर बसला. 'वै' आला, 'द्य' आला, सगळे अंतर राखून, शहाण्यासारखे. मामांनी भुसा पुसला, अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि आयुष्यात प्रथमच 'म्हणजे' न लावता म्हणाले, "झाली."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. आत इतका भुसा होता की त्यात उंदीर सुखाने संसार करेल. मी शिंकले.

"शिंक फुंकरीत धरणार नाही," स्टुलावर बसून चहा घेत आत्या म्हणाली. "पण पंख्याच्या मागे राहिलंय बघ."